सहा जण, चार रात्री, एकच गाव

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई. आम्ही नाशिकचे, घरात सहा माणसं. सासरे ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखतात. सासूबाईंनी माळ घातली आहे, मासळीच्या भांड्यातलं त्यांना चालत नाही. मुलगी नववीत, मुलगा आठ वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलंय. अलिबाग, मुरुड-जंजिरा, गणपतीपुळे, मालवण आणि गोवा, हे सगळं मिस्टरांनी पाच दिवसांत बसवलंय. मुलाला बेटावर जायचंय. मुलगी म्हणते, लोकांच्या घरात डोकावून फोटो काढायला मी येणार नाही. आणि माझं विचाराल तर प्रत्येक सहलीत मी बॅगा भरते, बॅगा उपसते आणि सगळ्यांच्या गोळ्या सांभाळते. बेटं आणि कोळ्यांची गावं नीट बघायची तर कसं जावं? आणि त्यात मला जरा टेकायला मिळेल का?
एक वाचक, नाशिक

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. टेकायला मिळेल. त्यासाठी मिस्टरांच्या यादीतली चार नावं खोडावी लागतील. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, असं आपण शाळेत शिकलो. तो पाच दिवसांत अलिबागपासून गोव्यापर्यंत उतरायचा म्हणजे सुट्टी मुंबई-गोवा महामार्गावर काढायची. सासऱ्यांचे गुडघे गाडीत आखडणार, धाकट्याला घाटात ओकाऱ्या होणार, आणि रोज रात्री नव्या खोलीत बॅगा उघडायला तुम्हीच. जंजिरा आणि गणपतीपुळे कुठे जात नाहीत, पुढच्या वेळी होतील.

यंदा फक्त मालवणला जा. तेही मालवण-तारकर्ली-देवबाग या पट्ट्यात एकाच घरी उतरा आणि चार रात्री तिथून हलू नका. माझं आजोळ जवळच्या आचऱ्याचं, तेव्हा या भागावर माझा जीव आहे हे आधीच सांगते. पण हे नाव मी प्रेमापोटी सुचवत नाहीये. तुमच्या सहाही जणांना जे हवंय ते इथे दहा-बारा किलोमीटरच्या आत सापडतं: बेटावरचा किल्ला, खाडी, नदीचं मुख, वाळूचं बेट आणि अजूनही मासेमारीवर जगणाऱ्या वाड्या.

तारखा भाऊबीजेनंतरच्या धरा. दिवाळीच्या ऐन दिवसांत यजमानांच्या घरीही सण असतो. भाऊबीज उरकली की तेही मोकळे आणि तुम्हीही. शिवाय या दिवसांत भरती-ओहोटी तुमच्या सोयीची पडते. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळी सहल त्यावर उभी राहणार आहे.

किनाऱ्यावरच्या गावात दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. येणाऱ्या आकड्याच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार थोडा. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी यजमानांना विचारायचंच. पण पाच गावांचं वेळापत्रक बसवणाऱ्या मिस्टरांना हे काम द्या. रोज रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्या दिवसाचं पाणी सांगायचं, आणि धाकट्याने ते वहीत लिहायचं. त्यांची हौस भागेल आणि तुमच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल.

भाऊबीज द्वितीयेला. तुम्ही तृतीयेला रात्रीच्या गाडीने निघालात तर चतुर्थीला पोचाल. म्हणजे पंचमी ते अष्टमी हे तुमचे खरे दिवस: सकाळी पाणी उतरलेलं, दुपारनंतर चढतं. सकाळी वाळूत आणि खडकांत, दुपारी सावलीत झोप, मग होडी.

सिंधुदुर्ग किल्ला पंचमीलाच करा, दुपारचं जेवून. मालवणच्या जेटीवरून होडी सुटते आणि थोड्याच वेळात किल्ल्याशी लागते. सासऱ्यांना अडचण येईल ती किल्ला चालण्याची नव्हे, होडीतून पायरीवर पाऊल टाकण्याची. पाणी चढलेलं असलं की होडी पायरीच्या जवळ उंचावर येते, ओहोटीला ती खाली जाते आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात. म्हणून भरतीची वेळ. परतीची शेवटची होडी किती वाजता, हे चढण्याआधी विचारून घ्या. आत गेल्यावर सगळा तट फिरायचा हट्ट नको. किल्ला ४८ एकरांचा आहे. मिस्टर आणि मुलं तटावर जातील. सासरे, सासूबाई आणि तुम्ही दरवाजातून आत जाऊन शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सावकाश चाला आणि तिथे बसा. हे मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं, आणि आतली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे. सासूबाईंना ते नक्की पाहायचं असेल.

मुलाला बेट हवंय ना? मग त्याला आधीच सांगून ठेवा की हा किल्ला म्हणजेच कुरटे बेट. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी इथे बांधकाम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा समोरच्या दांडीच्या किनाऱ्यावर आजही आहे. त्याला एकच काम द्या: किल्ल्यातल्या तीन विहिरी शोधून काढ. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड पाण्याच्या विहिरी, हे आठ वर्षांच्या पोराला जितकं भारी वाटतं तितकं तटाच्या लांबीचं काही वाटत नाही. किल्ल्यात काही कुटुंबं अजून राहतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हा किल्ला आहे. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आवर्जून सांगते, तिथल्या घरांच्या ओट्यावर पाय ठेवण्याआधी आवाज द्यावा.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिची शंका मला फार आवडली. तिला तिथे गप्प बसवू नका, ती बरोबर बोलतेय. मासेमारीची वाडी हे लोकांचं कामाचं ठिकाण आहे. जाळी वाळत घातलेली असतात, बायका मासळी निवडत असतात, कुणी रात्रभर समुद्रावर जागून पडवीत झोपलेला असतो. तिथे सहा जणांनी मोबाइल उगारून शिरणं वाईटच. पण कामाला हात लावायला गेलं तर गोष्ट वेगळी होते, आणि त्यासाठी या किनाऱ्यावर रापण आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळ्याच्या एका टोकाचा दोर वाळूत माणसांच्या हातात राहतो. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा वळसा घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून दोन रांगा दोर ओढायला लागतात. पुरुष, बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं. एका लयीत मागे सरकायचं, टोकाचा माणूस दोर सोडून पुढे येतो आणि पुन्हा पाण्याकडचा दोर धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. शेवटी जाळ्याचा खोळ वाळूला लागतो आणि आत बांगडे, पेडवे, एखादी कर्ली चमकायला लागते. मग वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. ज्याने दोराला हात लावला त्याला मूठभर मासळी द्यायची, अशी जुनी रीत आहे. तुमच्या मुलीला पहाटे उठवा आणि दोर धरायला लावा. आधी विचारायचं, "हात लावू का?" तळहात लाल होतील, पण मग ती तिथे डोकावायला आलेली राहणार नाही.

रापण रोज लागते असं नाही. यजमानांना आदल्या रात्री सांगून ठेवा, ते खबर काढतील. आणि लागली तरी भरून येईलच असंही नाही. कधी एवढ्या माणसांनी ओढलेल्या जाळ्यात दोन टोपल्या निघतात. तसा दिवस तुमच्या वाट्याला आला तर मुलीला त्याचं कारण सांगा, नववीतल्या मुलीला ते कळतं. खोल पाण्यात पर्ससीनची जाळी थव्याच्या थवा वेढून उचलतात, मग किनाऱ्यापर्यंत पोचणार काय? मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण मांडलं. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर कडक निर्बंध आणले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरी चोरून चालणाऱ्या बोटींच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. रापणीच्या दोरीवर पोट असलेल्या माणसाला हा विषय काढलात तर तो मनापासून बोलतो. फोटोपेक्षा ते ऐकायला वेळ द्या.

एक छोटी गोष्ट. पत्रात तुम्ही कोळ्यांची गावं म्हटलंय. मालवणकडचे मच्छीमार बहुतेक गाबीत समाजाचे. तिथे ओळख काढताना सरसकट कोळी म्हणू नका, त्यांना बरं वाटत नाही. वाळूत पसरलेलं जाळं ओलांडून जायचं नाही, वळसा घालायचा. मच्छीमाराच्या होडीत चढताना चप्पल बाहेर काढायची, ती त्यांची लक्ष्मी आहे. आणि "किती कमावता?" हा प्रश्न विचारायचा नाही. "आज काय गावला?" हा विचारायचा. त्यावर दहा मिनिटं गप्पा होतात.

लिलाव मात्र चुकवू नका. बंदरावर होड्या लागल्या की टोपल्या वाळूत मांडल्या जातात आणि बोली सुरू होते. घेणाऱ्यांत बायका पुढे. बोली इतकी भरभर चालते की पहिल्या दिवशी काही कळत नाही. बाजूला उभं राहून ऐका, मध्ये शिरू नका. नाशिकला बर्फातली सुरमई घेताना तुम्ही डोळे बघून घेत असाल, इथे जिवंत लकाकी बघायला मिळेल. लिलावात मासळी घेतलेल्या बाईकडूनच बांगडे घ्या, ती साफ करून देते, आणि यजमानीणबाईंना विचारून ते घरी रांधायला द्या. बांगड्याचं तिखलं तिरफळं घालून करतात, ते भाताबरोबर खा. हॉटेलातल्या सुरमई थाळीपेक्षा मला ते कितीतरी मोठं वाटतं.

यावरून सासूबाई. त्यांची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही, फक्त खोली ठरवताना फोनवर एकच गोष्ट स्पष्ट विचारा: "मासळीची भांडी आणि शाकाहारी भांडी वेगळी आहेत का?" गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं घर बघा. मालवणात कित्येक घरी सोमवारी मासळी शिजत नाही, त्यामुळे वेगळं रांधणं त्यांना नवं नाही. सासूबाईंना सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, एखाद्या दिवशी शिरवाळे आणि गोड नारळाचा रस. शिरवाळ्यांचा साचा दाबताना त्यांना स्वयंपाकघरात बोलवायला सांगा. यजमानीणबाई आणि त्या, दोघी मिळून तुम्हाला तासभर मोकळं करतील. मासळीचा वास हा खरा प्रश्न आहे, तो लपवून उपयोग नाही. सुकवणीच्या जागेला अगदी लागून असलेलं घर घेऊ नका. वाडीपासून दोन-तीनशे पावलांवर माडाच्या बागेतलं बघा.

खोली तळमजल्यावर आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संडास असलेली. सासऱ्यांसाठी हे दोन्ही हवंच. समुद्र दिसणारी गच्ची नसली तरी चालेल.

देवबाग तुम्हाला फार आवडेल. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी जवळच असतं. समुद्र ही पट्टी कुरतडत आलाय, दगडी बंधारे दिसतील ते त्यामुळे. नदीच्या मुखाशी वाळूचं एक बेट आहे, सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात. वॉटर स्पोर्ट्सची सगळी गर्दी आणि गोंगाट तिथेच. मला ती जागा आवडत नाही. पण मिस्टरांना आणि मुलांना जायचंच असेल तर सकाळी लवकर, ओहोटीला जाऊन या. मुखाशी पोहायला मात्र कुणी उतरू नये. नदीचं आणि समुद्राचं पाणी एकमेकांवर येतं तिथे ओढ भयंकर असते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती आवरत नाही.

होडीबाबत मी कडक बोलणार आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून होडीत पाय ठेवण्याआधी सहाही जणांच्या अंगात लाइफ जॅकेट आणि त्याचे पट्टे बांधलेले. मुलाला मुलाच्या मापाचं, मोठ्यांचं जॅकेट घालून त्याचे हात वर होत असतील तर ते नको. माणसं जास्त भरत असतील तर उतरा. पैसे गेले तर गेले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर होडीचा विषयच काढायचा नाही. दिवाळीच्या दिवसांत अरबी समुद्रात वादळं होतात. २०१९ मध्ये क्यार नावाचं वादळ ऐन दिवाळीत आलं होतं आणि या किनाऱ्याला त्याच्या लाटांनी झोडपलं. असा एखादा दिवस आला तर पडवीत पत्ते खेळा.

धाकट्याला स्कूबा नको, तो दहा वर्षांचा होऊ द्या. जॅकेट घालून पाण्यावर तरंगत आत बघणं त्याला पुरेल. मुलीला करायचं असेल तर प्रशिक्षित माणसाबरोबर करू द्या. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहे, त्यावर उभं राहायचं नाही, तुकडा आणायचा नाही. माशांना पाव टाकून फोटो काढून देतात, त्याला नाही म्हणा.

एक सकाळ पद्मगडासाठी ठेवा. दांडीच्या किनाऱ्यासमोरचा हा छोटा जलदुर्ग. चांगली ओहोटी असली की वाळूतून चालत जाता येतं. मात्र षष्ठी-सप्तमीनंतर भांगामुळे पाणी तेवढं उतरत नाही, तेव्हा हे जमलं तर पंचमीला सकाळीच, पाणी पूर्ण उतरायच्या जरा आधी निघून. वाडीतला माणूस बरोबर हवा, आणि तो "चला" म्हणाला की परत फिरायचं. सासऱ्यांना इथे नेऊ नका. पंचमीलाच दुपारी किल्ला आहे म्हणून दमणूक वाटत असेल तर पद्मगड सोडून द्या. काही बिघडत नाही.

एक पूर्ण दिवस वेंगुर्ल्याला देता येईल. मांडवीच्या खाडीत बायकांचा बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. होडी वल्ह्यांनी हळू चालते. सासरे-सासूबाईंना हीच सफर सगळ्यात मानवेल. मुलाला मग समोर लांबवर वेंगुर्ला रॉक्स दाखवा. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात, आणि ती घरटी चोरून परदेशी विकली जात असत. तिथे जायचा हट्ट त्याने केला तरी नाही म्हणा, ती खुल्या समुद्रातली जागा आहे.

आणि तुमचा दिवस. अष्टमीचा धरा. त्या दिवशी सकाळी मिस्टर सगळ्यांना घेऊन बाजारात जातील: कोकम, काजू, मालवणी खाजं, खटखटे लाडू. सुके बांगडे आणि गोलमा (सुकी बारीक कोळंबी) घ्यायचा की नाही, ते सासूबाईंशी आधीच बोलून ठरवा, घरी पोचल्यावर वाद नको. गोळ्यांचा डबा मुलीकडे द्या, नववीतली मुलगी तो नीट सांभाळते. तुम्ही मागे राहा. "मला बरं नाही" असलं कारण देऊ नका. "मी आज येत नाही, मला बसायचंय" असं सरळ सांगा, तेही नाशिकहून निघण्याआधी, म्हणजे ऐन वेळी कुणाचा चेहरा पडणार नाही.

गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं काही मिनिटांत संपतं, तेव्हा तारीख मोजून त्या सकाळी बसा. नाशिकहून ठाणे किंवा पनवेल गाठा, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. कुडाळहून मालवण तीस किलोमीटरच्या आसपास, एसटी आहे, पण सासऱ्यांसाठी यजमानांना सांगून गाडी मागवा. खालचे दोन बर्थ मिळाले नाहीत तर तारीख एक दिवस पुढे ढकला, पण त्यांना मधल्या बर्थवर चढवू नका.

तुमची,
ताई